जातिवंत घोडी घेणे : गुंतवणूक की हौस?

सेनगावच्या शौकिनांना जातिवंत घोडे पाहायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडेबाजार भरतो. नंदुरबारमधील सारंगखेड्याचा बाजारही प्रसिद्ध आहे. तिथल्या लाखोंच्या किमतींचे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटते, एक घोडी घ्यावी आणि शिंगरे विकावीत. पण हे परवडते का?

हिशेब काय सांगतो?
घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते. शिंगराचे दूध तुटायला आणखी ६ महिने लागतात. या १७ महिन्यांत चारा, चंदी आणि देखभालीचा खर्च रोज ३०० रुपये धरला, तरी दीड लाखाच्या वर जातो. नर लावण्याचे पैसे, नालबंद आणि डॉक्टर वेगळे. शिंगरू याहून जास्त किमतीला गेले, तरच नफा. शिवाय घोडी दरवर्षी गाभण राहीलच असे नाही.

घेताना काय पाहावे?
• दातांवरून वय, तसेच खूर आणि चाल.
• आई-बापाची नोंद. ती नसेल, तर ‘जातिवंत’ हा फक्त शब्द.
• पंचकल्याणी रंग आणि शुभ भोवऱ्यांनी किंमत चढते, ताकद नाही.
• ग्लँडर्सची रक्ततपासणी. या रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो आणि बाधित घोडा मारावा लागतो.

थोडक्यात
घरचा चारा, जाणकार माणूस आणि ठरलेले गिऱ्हाईक असेल, तर हा धंदा होऊ शकतो. कर्ज काढून घेतलेली घोडी मात्र हप्त्यासोबत रोज चाराही मागते.