ईशान्य भारतीयांविषयीचा वंशभेद

ईशान्य भारतीयांविषयीचा वंशभेद : ईशान्येकडील आठ राज्यांतून इतरत्र आलेल्या भारतीयांना चेहरा, आहार व पेहराव यांवरून परके किंवा हलके लेखण्याची वृत्ती आणि तिच्यातून घडणारे वर्तन. 2011 च्या जनगणनेनुसार या राज्यांची लोकसंख्या सुमारे साडेचार कोटी होती. तिथे दोनशेहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि सगळ्यांची चेहरेपट्टीही एकसारखी नाही. तरीही महानगरांत या सर्वांना एकाच नावाने ओळखले जाते. हा भेद करणाऱ्यांत शिकलेसवरलेले, सुस्थितीतले लोकही असतात आणि आपण काही वावगे वागलो असे त्यांच्या मनातही येत नाही.

स्वरूप : ‘चिंकी’, ‘चायनीज’, ‘मोमो’ अशा हाका हा याचा उघड प्रकार. त्याहून नित्याचा प्रकार साध्या चौकशीतून दिसतो. घर पाहायला आलेल्या मुलीला विचारले जाते, “कुठली गं तू?” ती “मणिपूरची” म्हणाली की, “म्हणजे भारतातच ना?” मग “तुम्ही कुत्रा खाता म्हणे!” आणि शेवटी “जागा दिली असती, पण सोसायटीत चालणार नाही.” चांगले हिंदी बोलल्याबद्दल होणारे कौतुकही याच गृहीतकावर उभे असते. या मुली ‘मोकळ्या’ असतात हा समज सर्वांत घातक, कारण छेडछाडीची तक्रार केली तरी दोष तिच्याच कपड्यांना आणि उशिरा घरी येण्याला दिला जातो.

नोकरीतही साचा ठरलेला असतो. ब्युटी पार्लर, हॉटेल, स्पा येथे हा चेहरा चालतो. साहेबाच्या खुर्चीत तो अनपेक्षित वाटतो.

खाद्यपदार्थांचा वास : नागा स्वयंपाकातील आंबवलेले सोयाबीन म्हणजे अखुनी. ते आणि आंबवलेले बांबूचे कोंब यांच्या वासावरून भाडेकरूंशी नेहमी खटके उडतात. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असे उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये आणि अंगभर कपडे घालावेत, असा सल्ला होता. ज्याला भेदभाव सोसावा लागतो त्यानेच बदलावे, ही या भेदामागची धारणा त्यात सरकारी शब्दांत उतरली. सुक्या बोंबलाचा वास घरभर दरवळत असताना तो आपला वाटतो. अखुनीला मात्र घाण म्हटले जाते. 

घटना : ऑगस्ट 2012 मध्ये हल्ल्याच्या अफवा मोबाइल संदेशांतून पसरल्या आणि बंगळूर, पुणे आदी शहरांतून हजारो विद्यार्थी व कामगार गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्यांनी घरी परतले. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली. त्यातून वाद पेटला, त्याला मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. 2020 च्या साथीत ‘कोरोना’ म्हणून हिणवण्याचे, अंगावर थुंकण्याचे प्रकार दिल्ली व मुंबईत घडले. तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्याव्या लागल्या.

कायदा : संविधानाच्या अनुच्छेद 15 ने वंशाच्या कारणावरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई केली आहे. दिल्लीतील मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने जुलै 2014 मध्ये अहवाल दिला. वंशावरून अपमान करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा आणि ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात यावा, अशा शिफारशी तिने केल्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंशाच्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी वेगळी तरतूद आहे. त्या हत्येपर्यंत नेणाऱ्या हेटाळणीसाठी समितीने सुचवलेले कलम मात्र आले नाही.

मूल्यमापन : हा भेद अज्ञानातून येतो, असे सांगून त्याची बोळवण केली जाते. ते अर्धेच खरे आहे. ईशान्येतील स्वातंत्र्यसैनिक राणी गाइदिन्ल्यू यांना ब्रिटिशांनी 1932 मध्ये पकडले आणि त्यांची सुटका स्वातंत्र्यानंतर झाली, हे शिकलेल्या मराठी घरांतही क्वचितच माहीत असते. पाठ्यपुस्तके ही उणीव भरून काढू शकतात. पण भाडेकरू नाकारण्याचा, टिंगलीवर हसण्याचा किंवा गप्प बसण्याचा निर्णय माहितीअभावी होत नाही. आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, या खात्रीने तो होतो. म्हणून समोरच्याला ‘मनावर घेऊ नकोस’ असे समजावणे हा उपाय नव्हे. सोसायटीच्या बैठकीत, वर्गात, कार्यालयात असे बोलणाऱ्याला तिथल्या तिथे टोकणे, हे पहिले काम आहे आणि ते बहुसंख्याकांनीच करायचे आहे.