बीडमध्ये सेकंड हँड हॉट हॅच घ्यायची आहे? आधी गॅरेजचे अंतर मोजा

हॉट हॅच म्हणजे घरगुती हॅचबॅकमध्ये बसवलेले ताकदवान इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक. बाहेरून गाडी बाजारहाटाची दिसते, ऍक्सिलरेटर दाबला की फरक कळतो. १९७६ साली विक्रीला आलेल्या ११० पीएसच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर गाजवला. भारतात तो उशिरा आला आणि बऱ्याच मॉडेलांच्या बाबतीत लवकर आटोपलाही. त्यामुळे आज अशी गाडी हवी असेल तर बहुतेकांना सेकंड हँड बाजारातच जावे लागते.

आपल्याकडे या गाड्या कमी का, याचे उत्तर करात आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर गाडीवर कमी कर, हा नियम २००६ पासून चालत आला. म्हणून कंपन्यांनी छोट्या इंजिनाला टर्बो लावून ताकद काढली. ज्यांनी मोठे इंजिन दिले त्यांच्या गाड्या महाग पडल्या आणि खपल्या नाहीत. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये १.८ लिटर, १९२ पीएसची पोलो जीटीआय आणली, तीही फक्त ९९ गाड्या. किंमत होती २५.९९ लाख. नंतर ती बरीच कमी करावी लागली.

दुसरी गाडी म्हणजे नक्की कोणती?

बीड जिल्ह्यात घरची पहिली गाडी बहुधा बोलेरो, स्कॉर्पिओ, अर्टिगा किंवा डिझायर असते. दवाखाना, लग्नकार्य, पुण्याची फेरी, शेतावरचा कच्चा रस्ता, सगळे तिच्यावर. हौसेची दुसरी गाडी घेताना एकच कसोटी लावावी: ही गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली तर घरातले काम अडेल का? अडणार असेल तर हॉट हॅच घेऊ नये. पहिली गाडी थकली आहे आणि तिची कामेही हीच करेल, असा हिशेब करून घेतलेली जुनी टर्बो गाडी वर्षभरात डोकेदुखी ठरते.

ती का अडते, हे समजण्यासाठी बीडचा नकाशा पाहावा. या गाड्या विकायला सापडतात त्या प्रामुख्याने पुण्यात, म्हणजे एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगच्या. बीड तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर. मारुती, ह्युंदाई, टाटाच्या गाड्या जिल्ह्यातल्या मेकॅनिकच्या हाताखालून रोज जातात. फोक्सवॅगनच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. फियाटने तर भारतात गाड्या विकणेच थांबवले आहे. गंमत अशी की फियाटची सर्वात तगडी हॅचबॅक तयार झाली ती रांजणगावात, बीडहून नगरमार्गे पुण्याला जाताना लागणाऱ्या त्याच औद्योगिक वसाहतीत. पोलो तयार व्हायची चाकणला. कारखाने वाटेवरचे, पण सुटा भाग मिळायची खात्री त्याने वाढत नाही.

मोहात पाडणाऱ्या दोन गाड्या

पहिली, फियाट पुंटो अबार्थ. ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना (एक्स-शोरूम, दिल्ली) आलेली ही गाडी १.४ लिटर टर्बो इंजिनातून १४५ बीएचपी आणि २१२ एनएम टॉर्क देते. चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्य ते शंभरचा कंपनीचा दावा ८.८ सेकंदांचा होता. त्या पैशात तेव्हा एवढी ताकद कोणी देत नव्हते आणि आजही तिचे चाहते तिच्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

अडचण जमिनीपासूनच्या उंचीची आहे. साध्या पुंटो इव्होचा ग्राउंड क्लिअरन्स १८५ मिलिमीटर, अबार्थचा १५५. गावाच्या वेशीवर ग्रामस्थांनी स्वतः घातलेल्या, रंग नसलेल्या गतिरोधकावर हे तीस मिलिमीटर फार जाणवतात. घेण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून इंजिनखालचा भाग आणि सायलेन्सर पाहणे म्हणूनच अत्यावश्यक. सुट्या भागांत थोडा दिलासा आहे: बॉडीचे बरेच भाग साध्या पुंटोशी जुळतात आणि याच कुळातले टर्बो इंजिन लिनिया टी-जेटमध्येही होते. पण आपल्याकडचे मेकॅनिक ज्या फियाट इंजिनाला ओळखतात ते स्विफ्ट-डिझायरमधले १.३ लिटर डिझेल. त्या ओळखीचा इथे उपयोग नाही. फियाटचे काम करणारा माणूस आधी शोधावा, त्याच्याशी बोलावे आणि मगच अबार्थ बघायला जावे.

दुसरी, पोलो जीटी टीएसआय. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि जाहिरातीत हा फरक सहसा लिहिलेला नसतो. २०१३ पासूनच्या गाडीत १.२ लिटर, १०५ पीएसचे इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला. गर्दीत रांगत चालल्यावर तो तापतो आणि झिजतो. गिअर बदलणारे मेकाट्रॉनिक युनिटही बिघडू शकते. हे काम नाक्यावरच्या गॅरेजचे नाही आणि खर्च मोठा आहे. क्लच किंवा मेकाट्रॉनिक बदलल्याचे बिल असेल तर ती गाडी उलट जास्त विश्वासाची. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

२०२० नंतरच्या पोलोत १.० लिटर, ११० पीएसचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आले आणि सोबत सहा गिअरचा मॅन्युअल मिळू लागला. बीडसारख्या ठिकाणी पोलो घ्यायचीच तर ही मॅन्युअल घ्यावी. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, म्हणून चांगल्या गाडीचे मालक भाव लवकर सोडत नाहीत.

शहाणी निवड

मारुती बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये आली. १.० लिटर बूस्टरजेट इंजिन, साधारण १०२ पीएस, १५० एनएम आणि मागेही डिस्क ब्रेक. अबार्थपुढे आकडे फिके, पण गाडी हलकी असल्यामुळे ओव्हरटेकला कमी पडत नाही. बॉडी, काचा, दिवे, सस्पेन्शनचे बहुतेक सामान साध्या बलेनोचे. इंजिन मात्र वेगळे, हे विसरू नये. २०२३ मध्ये मारुतीने २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. समोरच्या गाडीचे हे काम झाले आहे का, ते चॅसी नंबरवरून मारुतीकडे तपासता येते. हे न पाहता टोकन देऊ नये.

थोडे बजेट जास्त असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन. सप्टेंबर २०२१ पासून १२० पीएस, १७२ एनएम. सुरुवातीच्या गाड्यांत क्लच पेडल नसलेला आयएमटी किंवा सात गिअरचा डीसीटी होता. २०२३ च्या बदलानंतर सहा गिअरचा खरा मॅन्युअल आला आणि हौसेसाठी तोच बरा. टाटा अल्ट्रोझ आय-टर्बो (२०२१, ११० पीएस) वेगवान आहे, पण तिला हॉट हॅच म्हणणे जरा उदार होईल. तिची मजबूत बाजू म्हणजे अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपमध्ये मिळालेले पाच स्टार. २०१८ ची टियागो जेटीपी (११४ पीएस) खेळकर गाडी आहे, पण विकायला क्वचितच येते.

गाडी समोर आल्यावर

मालकाला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर संध्याकाळी परत यावे. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर निघाला तर तेल जळते आहे, आणि ते टर्बोतून येत असण्याचा संभव असतो. क्लच पाहायचा तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ऍक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला तर क्लच संपला आहे.

सगळ्यात मोठा धोका आधीच्या मालकाच्या हौसेचा. या गाड्या घेणारे अनेक जण इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे रिमॅप करून, ताकद वाढवतात आणि विकताना पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकतात. झीज मात्र राहते. बाहेरचा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, नव्याने आवळलेले पाइपचे क्लॅम्प या खुणा पाहाव्यात. सर्व्हिसच्या नोंदीत ऑइल वेळेवर बदलले आहे का, याला मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा जास्त वजन द्यावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेड कितीही शिल्लक असो, जुना झालेला टायर वेगात दगा देतो.

चाचणी बीडमध्येच होणार असेल तर धुळे-सोलापूर महामार्गाने मांजरसुंब्याचा घाट चढून उतरून यावे. चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे कमाल वेगाचा आकडा इथे निरुपयोगी. वळणात गाडी कशी धरते, उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते का आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम किती, हे कळले की पुरे. गाळपाच्या हंगामात मात्र ही चाचणी दिवसाच करावी. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

कागद आणि टाकी

एमपरिवहन ऍपवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक, विमा आणि कर्जाचा बोजा पाहावा, थकीत ई-चलनेही तपासावीत. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. बीडचे पासिंग एमएच २३, अंबाजोगाईचे एमएच ४४. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ आणि इथला रोड टॅक्स धरला की फरक आटतो. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो. रिमॅप किंवा इतर बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर क्लेम अडकू शकतो.

किमतीच्या बोलणीत एक मुद्दा हाताशी ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी आय२० किंवा अल्ट्रोझ स्वस्त झाली असताना त्यांच्या जुन्या गाड्यांचा आधीचा भाव मागणे रास्त नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. रस्त्यात आडव्या येणाऱ्या त्या उसाचाच तो एक अवतार. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत, त्यामुळे मायलेज थोडे घटते आणि जुने रबरी पाइप लवकर झिजू शकतात. इथेनॉल ओलावा धरते, म्हणून आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या गाडीची टाकी तळाला ठेवू नये. दर आठ-दहा दिवसांनी ती वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी. बॅटरीही टिकते, आणि बॉनेटखाली बिऱ्हाड थाटून वायरी कुरतडणाऱ्या उंदरांनाही जागा सोडावी लागते.