कथेतील नाट्य : घटना, मन आणि वाणी

मराठी लघुकथेच्या वाटचालीत ‘नाट्य’ या शब्दाचा आशय वेळोवेळी पालटला आहे. कथा शिकविताना मात्र संघर्ष, उत्कंठा आणि उत्कर्षबिंदू हीच मोजपट्टी आपण सरसकट वापरतो. ही मोजपट्टी आली कोठून, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’मधील (प्रारंभ १८९०) स्फुट गोष्टींत निवेदक वाचकाशी बोलत, बोध करीत सावकाश पुढे सरकतो. ‘मनोरंजन’मधून पुढे आलेल्या वि. सी. गुर्जरांच्या ‘संपूर्ण गोष्टी’त गुंतागुंत आणि तिची अनपेक्षित उकल यांना महत्त्व आले. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा केली. आकर्षक प्रारंभ, वाढती उत्कंठा, परिणामकारक शेवट हे शब्द समीक्षेत रुळले ते याच वळणावर. नाट्य म्हणजे घटनांची कुशल रचना, असे समीकरण त्यातून दृढ झाले.

या समीकरणाला पर्याय आधीच निर्माण झाला होता. दिवाकर कृष्णांच्या ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’ (१९२७) या संग्रहात घटनेपेक्षा भावावस्था प्रभावी ठरते. स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींच्या नवकथेने हा पर्याय ठामपणे पुढे नेला. गाडगिळांच्या ‘किडलेली माणसे’सारख्या कथेत कथानकाची चढण शोधणारा वाचक निराश होईल, तेथील ताण माणसांच्या कोंडलेल्या जगण्यात आणि मनात आहे.

तिसरे वळण छापील पानाबाहेरचे आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन लोकप्रिय केले. येथे नाट्य विरामात, बोलीच्या हेलात आणि पात्रागणिक बदलणाऱ्या आवाजात आले. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ऐकताना गंमत वाटते ती केवळ काय घडले याची नव्हे. सांगोवांगीने गोष्ट कशी फुगत जाते याची. कथनाची क्रियाच तेथे नाट्यविषय होते.

ही तीन वळणे एकमेकांना रद्द करीत नाहीत. परंतु एका वळणाचा निकष दुसऱ्याला लावला की नवकथा ‘कथानकहीन’ आणि ग्रामीण कथा ‘केवळ विनोदी’ ठरते. उत्तरपत्रिकांतून असे शेरे आजही आढळतात, आणि त्यांचा दोष विद्यार्थ्यांचा नाही. म्हणून ‘या कथेत नाट्य आहे काय?’ या प्रश्नाआधी ‘ते कोठे आहे?’ असे विचारावयास हवे.