सौर बंब

सौर बंब हे सूर्याच्या उष्णतेवर घरगुती वापराचे पाणी तापविणारे उपकरण होय. 'बंब' हा शब्द मधोमध विस्तवाची नळी असलेल्या पारंपरिक तांब्याच्या बंबावरून आला आहे. १०० लिटर पाणी २० अंश सेल्सियसपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. सौर बंबामुळे ती वाचते; मात्र हा लाभ अचूक बसवणीवर अवलंबून असतो.

रचना व कार्य
सपाट संग्राहकात काचेखाली काळा लेप दिलेला पत्रा व तांब्याच्या नळ्या असतात. दुसऱ्या प्रकारात दुहेरी काचेच्या निर्वात नळ्या असतात. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे थंड पाणी खाली उतरते. हे अभिसरण पंपाविना चालते. टाकीला उष्णतारोधक आवरण असते.

बसवणी
उत्तर गोलार्धात संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४७ ते ४८ अंश उंच असतो. गरम पाण्याची निकड हिवाळ्यात अधिक असल्याने अक्षांशात १० ते १५ अंश मिळवून उतार ठरवितात. जागेवर दिवसा सावली पडू नये.

सपाट संग्राहकाच्या बंबात टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेहून उंच असावा लागतो. अन्यथा रात्री प्रवाह उलटून पाणी निवते. जोडनळांना टाकीकडे सलग चढ असावा. मध्ये उंचवटा राहिल्यास हवा कोंडून अभिसरण थांबते. दाबविरहित बंबाची हवानळी नेहमी उघडी ठेवतात व तिचे टोक थंड पाण्याच्या टाकीतील पातळीहून उंच नेतात. ती बंद झाल्यास दाब वाढून टाकी फुटण्याचा धोका असतो. स्नानगृहाकडे जाणारा नळ शक्य तितका आखूड व उष्णतारोधक आवरणाचा असावा.

पाण्याची प्रत व देखभाल
अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत असून अनेक घरे कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून असतात. पाणी दुष्फेन असल्यास तापताना क्षारांचा थर साचून तांब्याच्या अरुंद नळ्या चोंदतात. अशा ठिकाणी रुंद काचनळ्यांचा बंब सोयीचा ठरतो. मात्र उन्हात तापलेल्या रिकाम्या काचनळ्यांत थंड पाणी सोडल्यास त्या तडकतात. म्हणून त्या पहाटे भरतात. संग्राहकावरील धूळ वेळोवेळी पुसणे आवश्यक असते.

संबंधित वापर
याच जिल्ह्यातील शिर्डी येथे श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्यांची यंत्रणा सुरू झाली. तीत सूर्यकिरण एकवटून पाण्याची वाफ करतात व त्या वाफेवर अन्न शिजवितात.