गालिचा, सतरंजी आणि सोफ्यातील धूळ : ॲलर्जी व दमा असलेल्या घरासाठी सफाईची योग्य पद्धत

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की दवाखान्यात शिंका, नाक चोंदणे आणि धाप लागण्याच्या तक्रारी वाढतात. माळ्यावरच्या सतरंज्या खाली निघतात, गालिचा गॅलरीत टाकून बडवला जातो, सोफ्याच्या उशा झटकल्या जातात आणि त्याच रात्री घरातल्या एखाद्या मुलाची छाती वाजू लागते. सफाई गरजेची आहेच, पण ती चुकीच्या पद्धतीने केली तर वर्षभर कापडात बसलेली धूळ एका तासात सगळ्यांच्या नाकात जाते. ही धूळ आरोग्याला का बाधते आणि घरातले गालिचे, सतरंज्या, गाद्या व सोफा कसे स्वच्छ ठेवावेत, हे या लेखात समजून घेऊ.

कापडात नेमके काय साठते?

घरातल्या धुळीत माती, कापडाचे तंतू, बुरशीचे कण, झुरळांची विष्ठा, पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा आणि आपल्या स्वतःच्या त्वचेचे गळून पडलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. या पापुद्र्यांवर जगणारा एक अतिसूक्ष्म जीव म्हणजे डस्ट माइट. त्याची लांबी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते, त्यामुळे तो नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही. तो ढेकणासारखा चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतील आणि मेलेल्या शरीरातील प्रथिनांमुळे. घरातील धुळीची ॲलर्जी आणि हा जीव यांचा संबंध १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिला.

डस्ट माइट पाणी पीत नाही, तो हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणून दमट हवा त्याला मानवते. पावसाळ्यात आणि कोकण, मुंबई, गोव्यासारख्या किनारपट्टीच्या भागात त्याची वाढ जोमाने होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्याला तग धरणे कठीण जाते.

गाद्या आणि उशांमध्ये हे जीव सर्वाधिक असतात. त्याखालोखाल सोफा, जाड गालिचे आणि मऊ खेळणी यांचा नंबर लागतो. म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल तर सफाईची सुरुवात दिवाणखान्यातल्या गालिच्यापासून न करता त्याच्या अंथरुणापासून करा.

ही लक्षणे ओळखा

सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका, पाण्यासारखे नाक वाहणे, डोळे खाजणे, रात्रीचा कोरडा खोकला, अंथरूण घालताना किंवा झाडताना धाप लागणे, मुलांमध्ये कोपराच्या आतल्या बाजूला व गुडघ्याच्या मागे खाजरे चट्टे. घराबाहेर असताना बरे वाटते आणि घरी आल्यावर त्रास सुरू होतो, असे वारंवार घडत असेल तर धुळीच्या ॲलर्जीची शक्यता डॉक्टरांशी बोला.

दर आठवड्याची सफाई

१. चादरी, अभ्रे आणि पांघरुणे आठवड्यातून एकदा धुवा. साध्या पाण्याने बरीचशी ॲलर्जीकारक प्रथिने निघून जातात, पण माइट मरत नाहीत. त्यासाठी ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याची सोय असेल तर ती वापरा. बादलीत भिजवत असाल तर लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, कारण इतक्या गरम पाण्याने काही सेकंदांत भाजते.

२. गालिचा आणि सोफा व्हॅक्यूम क्लीनरने सावकाश, उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी साफ करा. सोफ्याच्या शिवणी, कोपरे आणि कुशनखालची जागा विसरू नका. नवीन यंत्र घेणार असाल तर हेपा फिल्टरचे घ्या. साध्या यंत्राच्या पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. माइट धाग्यांना घट्ट धरून बसतात, त्यामुळे व्हॅक्यूमने वरची धूळ जाते, ते सगळे जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

३. व्हॅक्यूम नसेल तर सतरंजी घराबाहेर नेऊन झटका. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. लाकडी हात असलेले सोफे, खिडक्या आणि पंख्याची पातीही ओल्या फडक्यानेच पुसा. कोरड्या फडक्याने धूळ फक्त जागा बदलते.

४. ज्याला ॲलर्जी किंवा दमा आहे त्याने शक्यतो ही कामे करू नयेत. दुसरे कोणी नसेल तर एन-९५ मास्क लावा, खिडक्या उघडा आणि काम झाल्यावर निदान अर्धा तास त्या खोलीबाहेर राहा. उडालेले माइटचे कण खाली बसायला तेवढा वेळ लागतो.

कोणती वस्तू कशी जपावी?

सतरंजी, सुती चटई, पायपुसणे : ही धुता येतात, म्हणून ॲलर्जीच्या घरात जाड गालिच्यापेक्षा चांगली. धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. उन्हाने कापड पूर्ण कोरडे होते आणि माइट मरतात, पण त्यांचे अवशेष आतच राहतात. म्हणून वाळल्यावर बाहेरच झटकून मग घरात आणा.

लोकरीचा गालिचा आणि घोंगडी : गरम पाण्याने लोकर आटते. व्हॅक्यूम करा, उन्हापेक्षा हवेशीर सावलीत पसरा आणि मोठी धुलाई जाणकाराकडून करून घ्या.

सोफा : कुशनच्या खोळी काढता येत असतील तर दोन महिन्यांतून एकदा धुवा. काढता येत नसतील तर कापडावरची पट्टी पाहा. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्यावर आधारित क्लीनर चालतो, ‘एस’ म्हणजे फक्त द्रावक, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही आणि ‘एक्स’ म्हणजे केवळ व्हॅक्यूम. कोणताही क्लीनर आधी न दिसणाऱ्या भागावर थोडा लावून पाहा.

गादी आणि उशी : विणीतून माइट जाणार नाहीत अशी, चेन असलेली ॲलर्जीरोधक खोळ घाला आणि त्यावर नेहमीची चादर घाला.

मऊ खेळणी : धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून २४ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग झटका किंवा व्हॅक्यूम करा. थंडीने माइट मरतात, प्रथिने मात्र काढूनच टाकावी लागतात.

सांडले, उलटी झाली, बाळाने शू केली तर

आधी कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. घासू नका, त्याने ओल आणखी खोल जाते. मग थंड पाणी आणि थोडा सौम्य साबण लावून बाहेरून मध्याकडे टिपत या. रक्त, दूध, उलटी यांवर सुरुवातीला गरम पाणी वापरले तर त्यातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. रक्त किंवा उलटी साफ करताना हातमोजे घाला व नंतर हात साबणाने धुवा. वास राहिला तर जागा वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरा आणि काही तासांनी व्हॅक्यूम करा.

ओला झालेला गालिचा किंवा सोफा २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळायला हवा. नाही तर आत बुरशी धरते. पावसाळ्यात पंखा चालू ठेवा, वस्तू भिंतीपासून दूर, उभी करून ठेवा. पुराचे किंवा गटाराचे पाणी शिरलेला फोमचा सोफा आणि गादी वाचवायचा प्रयत्न करू नका. आतपर्यंत मुरलेली घाण धुऊन निघत नाही.

हे मात्र टाळा

ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर यांचे मिश्रणही तितकेच घातक आहे. बंद खोलीत हे वायू फुप्फुसांना गंभीर इजा करतात.

डाग काढायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. कापडात मुरलेली वाफ एका ठिणगीने पेटते.

ढेकणांसाठी धान्यात ठेवायच्या कीटकनाशक गोळ्या सोफ्यात किंवा पलंगाखाली ठेवू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्यामुळे फॉस्फिन हा विषारी वायू बाहेर पडतो. झोपेत कुटुंबेच्या कुटुंबे याला बळी पडली आहेत. ढेकणांसाठी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा.

डांबर गोळ्यांत ठेवलेल्या गोधड्या, दुपटी नवजात बाळाला थेट वापरू नका. या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असते. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात त्याने रक्तातील लाल पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. हा दोष आनुवंशिक असून मुलग्यांमध्ये अधिक आढळतो, आणि बहुतेक घरांत तो आधी माहीत नसतो. बाळासाठी कापड धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा. गोळ्यांची गरज नाही.

सफाईने दमा बरा होतो का?

नाही. सफाईने त्रास वाढवणारी एक गोष्ट कमी होते, एवढेच. एखादाच उपाय केला, उदाहरणार्थ नुसती गादीची खोळ घातली, तर फरक फारसा जाणवत नाही. अंथरूण, ओलावा आणि धूळ या तिन्हींकडे सातत्याने लक्ष द्यावे लागते. घर चकाचक केले म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. दम्याचे अनेक गंभीर झटके औषध मध्येच सोडल्यानंतर येतात. मोठी सफाई ठरवली असेल तर आधी डॉक्टरांनी दिलेले रोजचे औषध नियमित चालू आहे ना आणि तातडीचा इन्हेलर हाताशी आहे ना, हे पाहा.

डॉक्टरांना कधी भेटावे?

शिंका किंवा खोकला दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा तातडीचा इन्हेलर आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा घ्यावा लागत असेल तर तपासून घ्या. बोलताना एक वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलर घेऊनही आराम पडत नसेल तर वाट पाहू नका. रुग्णाला बसते ठेवा, इन्हेलर सोबत घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

लक्षात ठेवा : या लेखातील माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या घरातील रुग्णाचे वय, आजार आणि चालू औषधे पाहून सल्ला बदलू शकतो, त्यासाठी तुमच्या डॉक्टरांना विचारा.