परिचर्या, प्रात्यक्षिक शिक्षण

रुग्णसेवेची कौशल्ये हाताने करून शिकण्याची पद्धत. रुग्णाची खाट लावणे, ड्रेसिंग बदलणे, इंजेक्शन देणे, कॅथेटर घालणे ही कामे नर्सिंगचे विद्यार्थी आधी कौशल्य-प्रयोगशाळेत पुतळ्यावर आणि मग वॉर्डात, ट्यूटर किंवा सिस्टरच्या देखरेखीखाली शिकतात.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या नाइटिंगेल प्रशिक्षणशाळेत मुली वॉर्डात काम करतच शिकत. वॉर्डात शिकण्याने हात लवकर तयार होतो. पण पहिल्या चुकाही रुग्णाच्याच अंगावर होतात. त्यावरचा उपाय बाहुल्या आणि खेळणी बनवणाऱ्यांकडून आला. अमेरिकेतील मार्था चेस यांनी १९११ मध्ये हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेसाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. ‘मिसेस चेस’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. नॉर्वेतील खेळणी-उत्पादक ओस्मुन लेर्डाल यांनी १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा आणला.

सराव का लागतो, हे रक्तदाब मोजताना चांगले कळते. मनगटाची नाडी चाचपत दंडावरचा कफ फुगवायचा. नाडी लागेनाशी झाली की पारा आणखी ३० मिमी वर न्यायचा. मग कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडायची. झडप भसकन सैल झाली, तर पहिला ठोका निसटतो आणि आकडा चुकतो. ही कृती पाच मिनिटांत पाठ होते. झडपेवरच्या बोटांना ती कळायला मात्र कितीतरी दंड मोजावे लागतात. ट्यूटरने करून दाखवणे, विद्यार्थ्याने लगेच तिच्यासमोर करणे, चुकल्यास पुन्हा करणे असा हा क्रम असतो.

भारतात जीएनएम (३ वर्षे) आणि बीएस्सी नर्सिंग (४ वर्षे) या दोन्ही अभ्यासक्रमांत वॉर्डातील कामाचे तास भारतीय परिचर्या परिषद ठरवते. केलेल्या प्रत्येक प्रोसिजरची नोंद लॉगबुकात होते. लॉगबुकातल्या सह्या पूर्ण झाल्या म्हणजे हात बसला, असे मात्र नव्हे.

पुतळा कण्हत नाही, घाबरून हात मागे घेत नाही, त्याची शीर सुईखालून सरकत नाही. हे सारे वॉर्डातच शिकावे लागते. म्हणून विद्यार्थ्याची पहिली सुई पुतळ्यालाच टोचली गेली पाहिजे, आणि माणसाला पहिली सुई टोचताना ट्यूटर खाटेशी उभी असली पाहिजे.