लावणी की रोवणी?

कोहमारा हे गाव तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल तर ते गाडीच्या खिडकीतूनच. मुंबई-कोलकाता महामार्ग (पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न) आणि गोंदियाकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथलं हे गाव. तालुका सडक अर्जुनी, जवळच नवेगावबांध, आणि आजूबाजूला जिकडे पाहाल तिकडे धान.

आता अशी कल्पना करा, की पुण्यात बसलेल्या एका हुशार लेखकाने रेडिओसाठी एक वाक्य लिहिलं : "भाताची लावणी करण्यापूर्वी वाफ्यातील रोपांची काळजी घ्यावी." व्याकरण चोख, माहिती बरोबर. पण कोहमाऱ्याचा शेतकरी भात पेरत नाही, धान पेरतो. भात त्याच्या ताटात असतो. तो लावणी करत नाही, रोवणी करतो. (लावणी बघायला जातात, असं कोणी म्हणालं तर त्याला दोष देऊ नका!) रोपांना तो पऱ्हे म्हणतो आणि शेताच्या तुकड्याला बांधी. म्हणजे एका साध्या वाक्यात तीन शब्द दुसऱ्याच्या घरचे. अर्थ कळत नाही असं नाही, कळतो. पण हे आपल्याशी चाललेलं बोलणं नाही, हेही लगेच कळतं. आणि एकदा ते कळलं, की माणूस ऐकणं सोडून देतो.

छापील मजकुराचं बरं असतं. नाही कळलं तर डोळे मागच्या ओळीवर नेता येतात. कानाला ती सोय नाही. म्हणून रेडिओच्या संहितेतून "वरीलप्रमाणे", "उपरोक्त", कंस, अवतरणचिन्हं हद्दपार. १,४७,३५,००० हा आकडा कागदावर छान दिसतो, पण ऐकणाऱ्याला "जवळजवळ दीड कोटी" एवढंच पुरतं. मराठीची तर खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही मागून! "संप मागे घेण्याचा निर्णय कर्मचारी संघटनांच्या कृती समितीच्या काल झालेल्या बैठकीत घेण्यात आला..." इथपर्यंत ऐकून चहा ओतायला उठलात, की "नाही" निसटलं. म्हणजे अख्खी बातमीच उलटी. ती लिहायची तर "संप सुरूच राहणार आहे" अशी सुरुवात हवी.

पण हे सगळे नियम झाले लेखकाच्या बाजूचे. ऐकणाऱ्याच्या बाजूला काय चाललंय, हे लेखकाला कळणार कसं? या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं होतं, आणि आपण ते जवळजवळ विसरलोय.

गोष्ट १९५६ ची. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ मंच चालत असत. शेजारीपाजारी एका घरी जमायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि त्यावर बोलायचे. त्यांचं ब्रीद होतं : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने हाच प्रयोग पुणे केंद्रावरून केला. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. आपल्याकडे ब्रीदातला "वाचा" गळाला आणि उरलं ऐका, चर्चा करा, कृती करा. साहजिकच आहे, मंचात निरक्षर माणसंही बसणार होती. त्यामुळे सगळा भार कानावर, म्हणजेच संहितेवर आला.

तेव्हा आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर, स्वतः हिंदीतले नाटककार. आणि "बनगरवाडी"चे व्यंकटेश माडगूळकर १९५५ मध्येच पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आले होते. गावची भाषा कागदावर कशी बोलते हे ज्यांना ठाऊक होतं, अशी माणसं त्या काळी त्या खात्यात नोकरी करत होती!

पण मला त्याहून आवडतो तो पुढचा भाग. गावातला गट कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायचा, आणि गटाचा निमंत्रक त्या चर्चेचा वृत्तांत आणि प्रश्न पुण्याला पाठवायचा. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जायची. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप. युजरने बग कळवला, पुढच्या रिलीजमध्ये त्याची दखल घेतली.

आणि चक्क ए/बी टेस्टिंगसुद्धा झालं. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने अभ्यास केला. मंच असलेल्या गावांच्या तुलनेसाठी त्यांनी अशी गावं घेतली जिथे रेडिओ होता पण मंच नव्हता, आणि अशीही जिथे रेडिओच नव्हता. मंचाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली, निरक्षरांचीसुद्धा. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही. पुन्हा वाचा हे वाक्य. कार्यक्रम तेच, संहिता तीच, आवाज तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी लोक उलट बोलू शकत होते.

तेव्हा कोहमारा यात कुठे होतं? कुठेच नव्हतं. भंडारा जिल्हा (गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये) त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता, आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा-सात महिन्यांनी. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ पासूनच होतं, पण मंच पुण्याचे. "रोवणी"वाला माणूस त्या दीडशे गावांत नव्हता, त्यामुळे त्याच्या शब्दासाठी पुण्याला पत्र कोण पाठवणार?

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली. हजारो मंच निघाले आणि हळूहळू विझले. माझ्या मते कारण सोपं आहे. कार्यक्रम एका ट्रान्समीटरवरून कितीही गावांत पोचतो, पण येणारं प्रत्येक पत्र कोणीतरी बसून वाचावं लागतं. जाणारा रस्ता स्केल होतो, येणारा होत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज येणारा रस्ता फुकट झालाय. यूट्यूबवरच्या कुठल्याही मराठी कार्यक्रमाखाली हजार प्रतिक्रिया दिसतात. पण त्या वाचून पुढच्या भागाची संहिता बदलली असं किती वेळा होतं? मोजले जातात ते व्ह्यूज. म्हणजे किती कानांवर पडलं ते, किती जणांना आपलं वाटलं ते नाही. प्राइम टाइमच्या चर्चेत तर चौघं जण एकमेकांशीच बोलत असतात, ऐकणारा त्यांच्या हिशेबातच नसतो.

तुमच्यापैकी बरेच जण हल्ली पॉडकास्ट करतात, ऑफिससाठी व्हिडिओच्या संहिता लिहितात. लिहून झालं की एक करून बघा. ती संहिता अशा एखाद्याला वाचून दाखवा, जो तुमच्या गावचा नाही, तुमच्या धंद्यातला नाही. मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. तो "लावणी नाही हो, रोवणी" म्हणाला, तर वाद घालू नका. शब्द बदला.